भीमाकाठचा जवाब

टेंभुर्णी हे माढा तालुक्यातले रस्त्यांचे गाव. पुण्याहून सोलापूरला जाणारा हमरस्ता इथून जातो, नगरहून करमाळ्यामार्गे येणारा रस्ता इथे त्याला मिळतो, कुर्डुवाडी-बार्शीवरून लातूरकडे जाणारी वाट इथूनच निघते, अकलूजचा फाटा आहे आणि पंढरपूरही फार दूर नाही. अशा गावाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा उजनी धरण, ऊस आणि औद्योगिक वसाहत यांच्यापासून सुरुवात करतो, आणि त्यात चूक काही नाही. पण टेंभुर्णी मध्यभागी ठेवून दोनेक तासांच्या प्रवासाचे वर्तुळ काढले, तर मराठी शाहिरीचा आणि लावणीचा केवढा तरी ऐवज त्यात सापडतो. सोलापूर हे राम जोशीचे गाव. बारामतीला मोरोपंत राहत. विठाबाई नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, शाहीर अमर शेख १९१६ साली बार्शीत. मोडनिंबला संगीत बारीच्या पार्ट्यांची वस्ती आहे, आणि अकलूजला १९९० च्या दशकापासून राज्यभरातल्या पार्ट्या लावणीच्या स्पर्धेसाठी येत राहिल्या. एकाच पट्ट्यात एका कलेचे सव्वादोनशे-अडीचशे वर्षांचे टप्पे असे जवळजवळ उभे आहेत, म्हणून एक प्रश्न तपासायला हा पट्टा फार सोयीचा आहे. कलावंत आपली कृती चारचौघांत मांडतो तेव्हा समोरून काहीतरी परत येतेच: दाद येते, पैसा येतो, शिवी येते, बंदीही येते. यांपैकी कशाने कला पुढे जाते? माझे म्हणणे असे आहे की, जोवर ते उत्तर दुसऱ्या कर्त्या कलावंताकडून, त्याच कलेत आणि त्याच चालीत येत होते, तोवर इथे नवी रचना होत राहिली. पुढे ते उत्तर पैशात, परवानगीत आणि गुणांत येऊ लागले, तेव्हा सादरीकरण टिकले, कधी उजळलेही, पण नवे रचणे आटत गेले.

हे उत्तर देण्याचे सर्वांत पक्के तंत्र कलगी-तुऱ्याने उभे केले होते. त्याच्या उगमाची कथा मध्य भारतातून येते: तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर, दोघेही कवी, दोघांचा वाद चंदेरीच्या राजाच्या दरबारात रंगला आणि राजाने एकाला तुरा, दुसऱ्याला कलगी दिली. कथा खरी असो वा रचलेली, तिने घालून दिलेली वाटणी राजस्थान-माळव्यापासून महाराष्ट्रापर्यंत मानली गेली. तुरेवाले शिवाचा, म्हणजे पुरुषतत्त्वाचा पक्ष घेत. कलगीवाले शक्तीचा, म्हणजे मायेचा. डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या वाद्यांवर हा सामना चाले. एका फडाचा शाहीर गणाने सुरुवात करी, मग सवाल टाकी. सवाल पुराणातला असे, पिंड-ब्रह्मांडाच्या गणिताचा असे, पंचमहाभूतांचा, पंचवीस तत्त्वांचा, चौदा भुवनांचा असे. समोरच्या फडाने त्याचा जवाब गाऊनच द्यायचा आणि शक्य तर त्याच चालीवर द्यायचा. जवाब देऊन झाला की लगेच प्रतिसवाल. ही देवघेव रात्रभर चाले, आणि कोण कुठे अडखळला हे समोर बसलेल्या गावाला आणि दोन्ही बाजूंच्या वस्तादांना कळे. रचनेच्या शेवटी कवी आपले नाव, बहुधा गुरूचे नाव आणि कित्येकदा गावाचेही नाव गुंफी. त्यामुळे कोणती ओळ कोणाची, ती कोणत्या परंपरेतून आली आणि तिच्या चुकीला जबाबदार कोण, हे ऐकणाऱ्याला आपोआप समजे.

या व्यवस्थेतली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. इथे टीका करायची तर टीकाकाराला रचावे लागे. ‘तुझे यमक लंगडे आहे’ एवढे म्हणून भागत नसे. त्याच चालीत धडधाकट यमक जुळवून दाखवावे लागे. ज्याला रचता येत नाही त्याला वाहवा करता येई किंवा उठून जाता येई, पण सामन्याचे पारडे त्याच्या हातात नसे. म्हणजे चूक दाखवणारा प्रत्येक जण चूक सुधारण्याचा एक नमुनाही मागे ठेवून जाई. पुढच्या गावी, पुढच्या जत्रेत तोच सवाल पुन्हा आला तर आधीचा जवाब माहीत असलेला शाहीर त्याहून वरचा जवाब घेऊन उभा राही. फडाची बाडे अशी वाढत गेली, आणि ती जिवापाड जपली गेली याचे कारणही हेच. त्यांत फडाची शिदोरी होती, उद्याच्या सामन्याची तयारी होती.

या देवघेवीला जातीचे आणि धर्माचे कुंपण पूर्ण अडवू शकले नाही, हेही पुराव्याने दिसते. उत्तर पेशवाईतली शाहिरांची नामावळी पाहा. होनाजी शिलारखाने हा गवळी, त्याच्या रचना गाणारा बाळा करंजकर हा शिंपी. सगनभाऊ जेजुरीचा, मुसलमान शिकलगार. परशराम शिंपी, प्रभाकर दातार ब्राह्मण, संगमनेरचा अनंत फंदी ब्राह्मण. यांची नावे एकमेकांच्या शेजारी येतात ती फडाच्या मैदानामुळे. गावगाड्यात हे लोक एका पंगतीला बसले नसते. ब्राह्मण कवीला गवळी कवीचा जवाब ऐकून घ्यावा लागे आणि तो सरस असेल तर मान तुकवावी लागे. मैदान सर्वांना खुले होते असे मी म्हणत नाही. कोण बाहेर राहिले त्याकडे पुढे येईनच. पण आत आलेल्याला जोखताना आधी त्याची रचना पाहिली जात होती, एवढे मान्य करावे लागते.

सोलापूरच्या राम जोशीचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका विद्वान जोशी घराण्यात तो जन्मला आणि १८१२ च्या सुमारास वारला. घरी पुराण सांगण्याची परंपरा, भाऊ नावाजलेला पुराणिक, आणि हा तमाशाच्या फडात रमलेला. म्हणून घराबाहेर पडावे लागले आणि पंढरपुरी जाऊन त्याने शास्त्राध्ययन केले, असे त्याचे चरित्र सांगते. त्याच्या लावणीत संस्कृत वृत्तांची जाण आणि फडावरची ठसकेबाज बोली एकत्र नांदतात, कानडीसारख्या शेजारभाषाही सहज येतात. सीमेवरच्या सोलापूरच्या माणसाला ते अवघड नव्हते. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) त्याची रचना ऐकली, तिच्यातले सामर्थ्य ओळखले आणि त्याला कीर्तनाकडे वळवले, अशी परंपरा आहे. भेटीचा तपशील बाजूला ठेवला तरी परिणाम निर्विवाद आहे: मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांच्या कानांवर घालणाऱ्यांत राम जोशी अग्रेसर होता. पंडित कवीने तमासगिराला सल्ला दिला, त्या बदल्यात तमासगिराने पंडिताच्या अवघड आर्येला चाल आणि श्रोता दिला. दोघेही रचणारे होते, म्हणून हे घडू शकले.

याच्या शेजारी अनंत फंदीची कथा ठेवली म्हणजे फरक कळतो. अहिल्याबाई होळकरांनी फंदीला तमाशाबद्दल सुनावले, तेव्हा त्याने तिथेच डफ फोडला आणि पुढे कीर्तन धरले, असे सांगतात. बाहेरून पाहता दोन्ही शाहीर एकाच वाटेने गेले. पण अहिल्याबाईंचा शब्द सत्तेचा आणि सदाचाराचा होता. त्याने डफ फुटला. मोरोपंतांचा शब्द सहकवीचा होता. त्याने राम जोशीच्या हातातले कसब नव्या कामाला लागले. अहिल्याबाईंच्या थोरवीला यात कुठेही उणेपणा नाही. राज्यकर्त्याच्या शब्दाचे वजनच असे असते की ऐकणाऱ्याला त्यावर प्रतिजवाब करता येत नाही, आणि जिथे प्रतिजवाब नाही तिथे कलेला एकतर वाकावे लागते किंवा थांबावे लागते.

पेशवाई बुडाल्यावर दरबारचा आश्रय गेला आणि कला तिकिटाकडे व जत्रेच्या सुपारीकडे वळली. उमाबाबू सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग १८६५ चा मानला जातो. वगाने तमाशाला गोष्ट दिली, सोंगाड्याला बोलायला मोकळी जागा दिली. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), या काळाचे शिखर. त्यांच्यापर्यंत सवाल-जवाब आणि झगडा हे फडाचे जिवंत अंग होते. पण त्याच सुमारास एक वेगळी बाजारपेठ घडत होती. मुंबईच्या गिरण्या, सोलापूरच्या गिरण्या, पगार हातात असलेला आणि गावापासून तुटलेला मजूर, त्याच्यासाठी उभी राहिलेली तमाशा-थिएटरे. या प्रेक्षकाला दोन फडांची जुनी भांडणे ठाऊक नव्हती आणि रात्रभर पुराणातल्या कोड्यांत बसायला सवड नव्हती. त्याला दिवसभराच्या श्रमानंतर गाणे आणि नाच हवा होता, आणि तसे वाटण्यात गैर काहीच नव्हते.

याच बाजारपेठेतून संगीत बारीचे आजचे रूप घडले. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा भरगच्च क्रम असतो. संगीत बारीत वग नाही. एका थिएटरात किंवा कलाकेंद्रात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात, प्रत्येक पार्टीची मालकीण बहुधा बाईच असते, आणि ढोलकी, तबला, पेटी यांच्या साथीने एकामागून एक पार्टी रंगमंचावर येऊन आपली पाळी करते. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरपासून चौफुला, मोडनिंब अशी ही केंद्रे सोलापूर रस्त्याच्या कडेने लागत जातात, म्हणजे टेंभुर्णी त्यांच्या भर वाटेवर येते. इथे श्रोत्याकडून येणारे उत्तर म्हणजे दौलतजादा. आवडलेल्या गाण्याला, आवडलेल्या ओळीला, आवडलेल्या अदेला पैसा येतो आणि तीच ओळ पुन्हा होते. उजनीचे काम १९६९ साली सुरू होऊन १९८० पर्यंत धरण उभे राहिले, माढ्याच्या कोरड्या रानांत ऊस आला, साखर कारखाने आले. या पट्ट्यात रोख पैसा खेळू लागला, तेव्हा त्याचा काही वाटा या केंद्रांकडे वळला असणार, असा माझा तर्क आहे.

पैशाच्या उत्तराला कमी लेखणे सोपे आहे आणि ते मला करायचे नाही. हजारो बायकांची आणि वादकांची चूल त्यावर पेटली. पण पैसा काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे पाहिले पाहिजे. तो ‘पुन्हा’ म्हणू शकतो. दुसरी ओळ कच्ची आहे, इथे चाल बदलली तर अर्थ खुलेल, हे तो सांगू शकत नाही. आणि श्रोता ‘पुन्हा’ म्हणतो ते ओळखीच्या गाण्याला. चित्रपटांनी लावणी घरोघर नेली, तेव्हा फर्माईशही चित्रपटातल्या लावणीची येऊ लागली. १९६४ चा ‘सवाल माझा ऐका!’ हा अनंत माने यांचा चित्रपट तर सवाल-जवाबावरच उभा आहे, आणि त्याने या प्रकाराची गोडी लाखोंना लावली. मात्र पडद्यावर सवाल आणि जवाब दोन्ही आधी लिहिलेले असतात. कोण जिंकणार हे पटकथेने ठरवलेले असते. कलावंत अडखळण्याची, समोरच्याने अनपेक्षित काही काढण्याची शक्यताच तिथे उरत नाही. सवाल-जवाब लोकप्रिय होत असतानाच त्यातला धोका निघून गेला.

त्याआधी सरकारचे उत्तर येऊन गेले होते. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंधने आणली. फडमालक आणि कलावंत हवालदिल झाले. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली आणि आधी संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. पुढे सार्वजनिक करमणुकीचे जे परवाना-नियम १९६० मध्ये झाले, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. समितीचा हेतू चांगला होता, तमाशा जगावा अशीच पोतदारांसारख्यांची इच्छा होती. पण ज्या कलेत बतावणी आणि वगातले संवाद आयत्या वेळी सुचत, त्या कलेला संहिता लिहून आणा म्हणणे म्हणजे तिचे मुख्य कसबच दाराबाहेर ठेवायला सांगणे होते. ज्या सवालाचा जवाब समोरच्याने अजून रचलेलाच नाही, तो मंजुरीसाठी पाठवायचा कसा? काय म्हणू नये हे परीक्षकाने सांगितले. काय म्हणावे याबद्दल फडांनी एकमेकांना सांगण्याची वाट मात्र अरुंद झाली.

इथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. कलगी-तुऱ्याची देवघेव म्हणजे काही आदर्श शाळा नव्हती. भेदिकातले, म्हणजे या कोड्यांच्या गाण्यांतले, पुष्कळसे सवाल निव्वळ पाठांतराची परीक्षा घेणारे होते. अमक्या ऋषीच्या आईचे नाव काय, शरीरात नाड्या किती, असल्या प्रश्नांनी कविता घडत नाही. कूट जितके अवघड तितका शाहीर मोठा, अशी समजूत वाढली की रचना रुक्ष होते. शिवाय हरल्याचा अपमान होता, हमरीतुमरी होती, प्रसंगी मारामारीही होत असे. हे सगळे मला मान्य आहे. पण या आक्षेपाचे उत्तर त्याच परंपरेत आहे. शृंगारिक लावणी, उपदेशाचा फटका, पोवाडा, छक्कड हे प्रकार ज्या शाहिरांनी घडवले ते याच मैदानात वाढलेले होते. कूटाने त्यांची बुद्धी परजली आणि श्रोत्याने त्यांना कूटातच अडकून राहू दिले नाही. कोकणात शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे कलगी-तुऱ्याचेच, सामने आजही होतात, गावाकडे आणि मुंबईच्या नाट्यगृहांतही. तिथले शाहीर पुराणाबरोबर चालू घडामोडीवरही नवी गाणी बांधतात. देशावर ही प्रथा ज्या मानाने ओसरली त्या मानाने ती तिथे तग धरून आहे, आणि नवी रचनाही तिथे जास्त होते. या दोन गोष्टींचा मेळ मला योगायोगाचा वाटत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. फडाचे मैदान पुरुषांचे होते. तिथे बाई गाण्याचा विषय होती, शक्तीच्या पक्षाने मायेचे गुण गायले तरी गाणारा पुरुषच. संगीत बारीत मात्र बाई मालकीण झाली, कमावती झाली, पार्टी तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मग जुन्या देवघेवीचा गौरव करणे म्हणजे बाईला पुन्हा पडद्याआड ढकलणे नव्हे का? आणि जातीचे काय? तमाशा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांनी जगवला, नाव आणि मान पुष्कळदा दुसऱ्यांनी घेतला. पठ्ठे बापूरावांच्या यशात त्यांच्या फडातल्या महार नर्तकी पवळाबाईंचा वाटा किती मोठा होता हे सर्वांना ठाऊक होते. बापूरावांनी चळवळीसाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, हा प्रसंग आंबेडकरी चळवळीच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतो. आपल्या समाजातल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. या नकाराला कलेच्या इतिहासाने बगल देऊ नये.

या आक्षेपाने माझे म्हणणे खोडले जात नाही, पण त्याला खोली येते, असे मला वाटते. ज्यांना फडात जवाबाचा अधिकार नव्हता त्यांनी तो इतर मार्गांनी घेतला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा उचलला आणि भटजी-सावकाराच्या दाव्यांना गाण्यातून उलट सवाल केले. त्यानंतर आंबेडकरी जलशांनी गणाचा आशय बदलला, गौळणीतली चेष्टा टाकली आणि आत्मसन्मानाचा प्रश्न मध्यभागी आणला. बार्शीचे अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात हेच कामगारांच्या बाजूने केले. हे सगळे जवाबच होते, जुन्या चालीत दिलेले आणि म्हणून जुन्या श्रोत्याला लगेच कळलेले. आणि संगीत बारीतल्या बायकांनी जवाब शब्दांतून अदेत नेला. बैठकीच्या लावणीत कलावंतीण एकाच जागी बसून एकच ओळ वेगवेगळ्या भावांनी दाखवते: तक्रार, लाडीगोडी, टोमणा, कंटाळा. समोरचा जसा बघेल तसा ती अर्थ फिरवते. वाईच्या यमुनाबाई (१९१५–२०१८) या कसबाच्या थोर प्रतिनिधी. भूषण कोरगांवकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाने आणि सावित्री मेधातुल यांच्या माहितीपटाने या बायकांचे गाणे, शिकणे आणि जगणे शहरी वाचक-प्रेक्षकासमोर आणले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की या थिएटरांत कलेची केवढी जाण नांदते. एक पार्टी रंगमंचावर असताना बाकीच्या पार्ट्या जवळच असतात. जाणत्या कानाचा समुदाय तिथे आजही आहे. त्या समुदायाने एकमेकींना उघड उत्तर द्यावे अशी रीत तेवढी नाही.

अकलूजच्या स्पर्धेकडे या नजरेने पाहावे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते पाटील यांच्या स्मरणार्थ १९९० च्या दशकात ती सुरू झाली आणि तिने लावणीची प्रतिष्ठा वाढवली, याबद्दल दुमत होऊ नये. कलावंत बायकांना सन्मानाने बोलावले गेले, लावणी पाहायला घरच्या बायका आणि कुटुंबे येऊन बसली, पारंपरिक लावणीला आणि बैठकीच्या अदाकारीला पुन्हा मागणी आली. दौलतजादा देणाऱ्या मोजक्यांऐवजी जाणत्या परीक्षकांचे मत मोलाचे ठरले. ही सुधारणा खरी आहे. पण परीक्षकाचे गुण हेही एकतर्फी उत्तर आहे. ते सादरीकरणाला मिळतात: ठेका, हावभाव, वेशभूषा, गाण्याची निवड. गाणे बहुधा जुनेच असते, किंवा दुसऱ्या कोणी लिहून दिलेले. एक पार्टी जाते, दुसरी येते, दोघींच्या गाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. सामना आहे, पण समोरासमोर नाही.

स्पर्धा म्हटली की असेच होणार, असे कोणी म्हणेल. तसे नाही. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत ‘बेर्चो’ नावाची पदे आयत्या वेळी रचून गाण्याची कला आहे. तिची राष्ट्रीय स्पर्धा १९३५ मध्ये प्रथम झाली आणि आता दर चार वर्षांनी होते. सूत्रधार तिथल्या तिथे विषय देतो, कधी दोन गायकांना दोन विरुद्ध भूमिका देतो, आणि त्यांनी ठरलेल्या छंदात, ठरलेल्या चालीवर एकमेकांना आळीपाळीने उत्तर द्यायचे असते. परीक्षक आहेत, गुण आहेत, हजारो प्रेक्षक आहेत. तरी मध्यभागी जवाब आहे. ही कलासुद्धा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचीच होती, आणि २००९ मध्ये मायालेन लुहान्बियो ही स्त्री ती स्पर्धा जिंकली. बंगालच्या कविगानाचे, उर्दू मुशायऱ्यात रचनेसाठी दिल्या जाणाऱ्या ओळीचे म्हणजे तरही मिसऱ्याचे, उस्तादाने शागिर्दाच्या शेरावर केलेल्या इस्लाहचे म्हणजे दुरुस्तीचे दाखलेही याच बाजूने देता येतील, पण बास्कांचा दाखला आपल्याला जास्त उपयोगी आहे. स्पर्धेने काय मागायचे हे आयोजक ठरवू शकतात, आणि मागितले तर कलावंत देतात, हे त्यातून दिसते.

तेव्हा या पट्ट्यात लावणीच्या ज्या स्पर्धा आणि महोत्सव होतात, त्यांत एक फेरी जवाबाची असावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. संध्याकाळी एक पार्टी नवी रचलेली लावणी किंवा सवाल मांडेल. दुसऱ्या दिवशी दुसरी पार्टी त्याच चालीत तिचा जवाब देईल. रचणाऱ्याचे नाव रंगमंचावरून पुकारले जाईल, मग ती गाणारी स्वतः असो, ढोलकीवाला असो की गावातला एखादा भेदिक शाहीर. परीक्षक पार्ट्यांमधूनच निवृत्त झालेल्या बायकांतून आणि जुन्या शाहिरांतून घ्यावेत, म्हणजे गुण देणाऱ्याला रचण्याचे कष्ट माहीत असतील. आज पार्टीतल्या मुलींना रचण्याची सवय नाही, म्हणून हे जमणार नाही, असे सांगितले जाईल. पण याच मुली बैठकीत श्रोता पाहून ओळीत शब्द बदलतात, नावे घालतात, टोमणे जोडतात. रचनेची पहिली पायरी ती हीच. खर्चाचा प्रश्न खरा आहे. दोन दिवसांचा मुक्काम, साथीदारांचे मानधन आणि कमाईचा बुडालेला दिवस यांची भरपाई आयोजकांनी केली नाही तर कोणतीच पार्टी या फेरीत उतरणार नाही, आणि तिने उतरावे अशी अपेक्षाही करू नये. पहिली काही वर्षे जवाब कच्चे येतील, काही सपाट येतील. तेही जपून ठेवावेत. १८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला आणि त्यानंतर लावण्यांचेही संग्रह निघाले, पण ते एकेका कवीच्या नावाने लागले: राम जोशीच्या लावण्या एकीकडे, होनाजीच्या दुसरीकडे. त्यामुळे कोणती ओळ कोणत्या ओळीचा जवाब होती, हे वाचकाला शोधत बसावे लागते. नव्या फेरीच्या वह्या छापताना तरी डाव्या पानावर सवाल आणि उजव्या पानावर त्याचा जवाब असावा.